सात नंबरच्या पिंजऱ्यातलं एस.टी. स्टँड

“पिशवीत काय आहे?”

“वास हाय, भाऊसाहेब.”

“काय आहे?”

“वास. तुमास्नी न्हाई यायचा.”

नगरपालिकेच्या श्वान निवारा केंद्रातला तो माझा पहिला दिवस. फाटकात खुर्ची टाकून बसलो होतो आणि समोर उभ्या होत्या सुंद्राबाई लोखंडे, केंद्रातल्या सफाई कामगार. वय पन्नाशीच्या पुढं, डोक्यावर पदर, हातात टम्म फुगलेली नायलॉनची पिशवी. माझं टाळकं आधीच सटकलेलं. म्हटलं, उघडा. त्यांनी उघडली. आत एक तेलकट फडकं, कडुनिंबाचा पाला, मटणाच्या दुकानातला पुठ्ठा, पुडीत बांधलेली मूठभर माती आणि नारळाच्या चार करवंट्या.

“ही घाण आत न्यायची नाही,” मी म्हणालो.

“मंग कुत्र्यास्नी भाईर न्या,” बाई म्हणाल्या. “भाईर त्यास्नी जाता येत न्हाई, म्हून भाईरचं आत आणायचं. दुसरं काय!”

आणि मला वळसा घालून सरळ आत गेल्या. मी खुर्चीतच राहिलो.

मी रंगनाथ हिंगमिरे. अकरा वर्षं नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात कारकून होतो. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. एकदाच चुकलो. एकाच नावाचे दोन इसम निघाले आणि वारलेल्याऐवजी जिवंताच्या नावानं मृत्यूचा दाखला गेला. हा जिवंत इसम नेमका नगरसेवक. तो दाखला नाचवत मुख्याधिकारी टेंभेकर साहेबांच्या केबिनमध्ये शिरला, म्हणाला, “मी मेलोय का, ते सांगा!” साहेबांनी म्हणे आधी दाखल्यावरची सही पाहिली. सही त्यांचीच होती. मग त्यांनी समोरच्या माणसाकडं पाहिलं, आणि क्षणभर त्यांना खरोखरच प्रश्न पडला.

आमच्याकडं साहेबांची सही कधी चुकत नसते, चुकतो तो सहीच्या वरचा मजकूर. तो माझा होता. “जिवंत माणसं मारतोस काय? जा, कुत्री सांभाळ,” असा माझा निकाल लागला.

केंद्र गावाबाहेर, कचरा डेपोला लागून. दोन बस बदलून जायचं. तिथं बावीस पिंजरे, बावीस कुत्री, सगळी कुणाला तरी चावल्याच्या तक्रारीवरून आणलेली. एकेक पिंजरा चार फूट बाय सहा फूट. मूळ नकाशात मागं ‘श्वान विहार प्रांगण’ होतं. रोज आळीपाळीनं कुत्री तिथं सोडायची, अशी कल्पना. पण त्या प्रांगणात नगरपालिकेनं अकरा भंगार घंटागाड्या उभ्या केल्या होत्या, आणि त्यांच्या लिलावाची फाइल हरवली होती. फाइल सापडेपर्यंत गाड्या हलायच्या नाहीत आणि गाड्या हलेपर्यंत कुत्री. त्यामुळं आत आलेलं कुत्रं आतच राहायचं. बाहेर पडायचे रस्ते दोनच: डॉक्टरांच्या चाचणीत पास होणं, नाहीतर मरणं.

घरी माझी काय शोभा झाली ते विचारू नका. थोरल्या मुलीला पाहायला पाहुणे आले. मुलाच्या काकानं विचारलं, “आपण कुठल्या खात्यात?” मी म्हणालो, “नगरपालिकेत.” माझा धाकटा मध्येच म्हणाला, “श्वान विभागात!” पाहुण्यांनी पोहे संपवले, पण उत्तर काही कळवलं नाही. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच भुंगा: कसंही करून परत जन्म-मृत्यूत जायचं.

सात नंबरमधल्या कुत्र्याचं नाव तलाठी. नाव ठेवलं एस.टी. स्टँडवरच्या दशरथ चहावाल्यानं. दिवसभर कुठं असतो कुणाला ठाऊक नाही, पण जेवायच्या वेळेला बरोब्बर हजर, म्हणून तलाठी. सात वर्षं तो दशरथच्या टपरीखाली राहिला. मग स्टँडवर फरशी बसवायचा ठेका निघाला. ठेकेदारानं जीप मागं घेताना तलाठ्याच्या शेपटीवरून घातली, आणि तलाठी त्याच्या पोटरीला चावला.

“आता शेपटीवरनं जीप गेल्यावर त्यानं काय अर्ज लिहायचा व्हता?” सुंद्राबाई म्हणायच्या.

आला तेव्हा तो नुसता गोल गोल फिरायचा. फिरून फिरून पंजे सोलले. स्वतःच्याच शेपटीला चावायचा. चार दिवस अन्नाला शिवला नाही. पाचव्या दिवशी सुंद्राबाई स्टँडवर गेल्या, दशरथकडून टेबलं पुसायचं फडकं मागून आणलं, एका जुन्या गोणीत गुंडाळलं आणि ती गोणी सात नंबरात सरकवली.

हे मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगतो. तलाठी थांबला. नाक गोणीत खुपसलं आणि वीस-पंचवीस मिनिटं नुसता हुंगत राहिला. त्या फडक्यात चहा होता, भजी होती, डिझेल होतं, शेकडो माणसांचे हात होते. अख्खं एस.टी. स्टँड त्या गोणीत होतं म्हणा ना. मग त्यानं गोणीवर डोकं ठेवलं आणि घोरायला लागला.

“दमला,” सुंद्राबाई म्हणाल्या. “नाकानं लई फिरून आला.”

असं त्या रोज बावीस पिंजऱ्यांना करायच्या. कुणाला करवंटीत ताक-भात थापून द्यायच्या, तो चाटून काढायला कुत्र्याला अर्धा तास लागायचा. कुणाला गोणपाटाच्या गाठीत भाकरीचे तुकडे बांधून द्यायच्या. कुणाला नुसता शेळीच्या गोठ्यातला पाला. आणि वास रोज बदलायचा.

“त्योच त्योच दिला तर कटाळत्यात. तुमी रोज एकच भाजी खाता का?”

“आमच्याकडं रोज एकच असते,” मी म्हणालो.

त्या हसल्या, पदर तोंडाला लावून. तेव्हापासून मी त्यांची पिशवी तपासणं सोडलं. फेब्रुवारीत त्या तापानं आठवडाभर आल्या नाहीत, तेव्हा काय झालं कुणास ठाऊक, दुसऱ्या दिवशी बस बदलता बदलता मीच दशरथकडून फडकं मागून घेतलं. फक्त तेवढंच. मी काही कुत्र्यांचा माणूस नाही.

“भाऊसाहेब, आमचा तलाठी कधी सुटायचा?” दशरथनं विचारलं.

“नियमानुसार,” मी म्हणालो. मला दुसरं उत्तर कुठं येत होतं?

मार्च उजाडला आणि वरून परिपत्रक आलं. ‘बंदिस्त श्वानांच्या मानसिक स्वास्थ्यासाठी पिंजऱ्यातच उपक्रम राबविण्याबाबत.’ मी वाचलं आणि मला हसूच आलं. चार पानं भरून जे लिहिलं होतं ते सगळं सुंद्राबाईंच्या पिशवीत होतं. वास द्या, अन्न लपवून द्या, कुरतडायला काहीतरी द्या, आवाज कमी ठेवा, पाच मिनिटं शांत बसा त्यांच्यापाशी.

टेंभेकर साहेबांनी मला बोलावलं. परिपत्रक त्यांच्या पुढ्यात होतं. पहिल्या पानावरच्या विषयाखाली लाल रेघ मारलेली, बाकीची तीन पानं हात न लागलेली, करकरीत.

“हिंगमिरे, उपक्रम म्हणजे काय?”

“साहेब, त्यात असं लिहिलंय की कुत्र्यांना वास—”

“उपक्रम म्हणजे कार्यक्रम. मंडप घाला. सभापतींना बोलावू. ऑर्केस्ट्रा सांगा.”

“साहेब, त्यात आवाज कमी—”

“हळू वाजवायला सांगा. आणि ऐका.” साहेब खुर्चीत पुढं सरकले. “यंदा आदर्श निवारा पुरस्कार आहे. अट एकच. वर्षात शून्य मृत्यू. आपल्याकडं किती?”

“शून्य, साहेब.”

“एकतीस मार्चपर्यंत शून्यच ठेवा. कार्यक्रम दणक्यात करा. एक एप्रिलला तुम्ही परत जन्म-मृत्यूत. शब्द देतो.”

मी दोनदा नमस्कार केला. बाहेर पडताना त्यांनी परत हाक मारली. “आणि हो, एखादं कुत्रं चाचणी होऊन सुटणारं असेल तर तेही त्याच दिवशी ठेवा. सभापतींच्या हस्ते सुटका. फोटो चांगला येईल.”

चाचणीला आलेला एकच होता. सात नंबर. आणि तो पास होणार याबद्दल डॉक्टरांना, सुंद्राबाईंना आणि मलाही तिळमात्र शंका नव्हती. तो हातातून भाकरी घ्यायचा, कान खाजवून घ्यायचा. मी लगेच दशरथला सांगून टाकलं, “चोवीस तारखेला येतोय तुमचा तलाठी.” त्यानं मला चहा फुकट पाजला.

आता आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊक असेल. मोठा माणूस येणार म्हटलं की आधी सगळं धुवायचं, मग रंगवायचं, मग जे रंगवता येत नाही ते लपवायचं. झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना. मी चार दिवस आधीच कामाला लागलो. पिंजऱ्यातली गोणपाटं, करवंट्या, पुठ्ठे, फडकी, सगळं बाहेर काढायला लावलं.

“भाऊसाहेब, सातमधली तेवढी गोणी ऱ्हाऊ द्या,” सुंद्राबाई म्हणाल्या. “त्येचं डोस्कं फिरंल.”

“सभापती येणारेत, सुंद्राबाई. पिंजऱ्यात गोणी दिसली तर काय म्हणतील?”

“गोणी हाय म्हनतील.”

“चारच दिवस! मग परत देऊ की.”

“चार दिस तुमी नाक बांधून ऱ्हावा बरं,” त्या म्हणाल्या. पण गोणी त्यांनी दिली. मी सगळं गोदामात टाकलं, कुलूप लावलं, किल्ली खिशात घातली. मग फिनेलचे दोन कॅन ओतले आणि गजांना हिरवा ऑइलपेंट मारून घेतला. केंद्र असं चकाचक झालं की माझं मलाच कौतुक वाटलं. कुत्री शिंकत होती. तलाठी पहिल्या दिवशी कोपरे हुंगत राहिला. दुसऱ्या दिवशी परत गोल फिरायला लागला. तिसऱ्या दिवशी भाकरी तशीच पडून होती. मी पाहिलं आणि दुसरीकडं बघितलं. म्हटलं, उद्याचा दिवस, मग झालंच.

चोवीस मार्च. सकाळी दहा. फाटकावर फलक: ‘भव्य श्वान मनोरंजन महोत्सव’. त्यावर साहेबांचा फोटो, सभापतींचा फोटो आणि मध्ये एक पांढरंशुभ्र, केसाळ, विलायती कुत्रं. असलं कुत्रं आमच्या तालुक्यात नव्हतं. कुत्र्यांसाठी पन्नास रंगीत चेंडू आणले होते, पण फोटोआधी मळायला नकोत म्हणून त्यांचं तोरण करून पिंजऱ्यांच्या वर, कुत्र्यांच्या डोक्यापासून हातभर उंच टांगलं होतं. ऑर्केस्ट्राचे कर्णे श्रोत्यांकडं नव्हे, पिंजऱ्यांकडं तोंड करून लावले, कारण उपक्रम कुत्र्यांसाठी होता. सभापतींनी एक नंबरच्या पिंजऱ्यासमोर नारळ फोडला आणि खोबरं माणसांत वाटलं.

मग गाणं सुरू झालं आणि बावीसच्या बावीस कुत्री एकसाथ ओरडायला लागली.

“बघा, किती आनंद झालाय त्यांना!” साहेब माइकवर म्हणाले. टाळ्या पडल्या.

डॉक्टर रुखसाना इनामदार सात नंबरपुढं आल्या. पालिकेच्या पशुवैद्य. कामात कडक, बोलण्यात तोलून-मापून. हातात चाचणीचा कागद. मागं सभापती, साहेब, फोटोवाला. मी शेजारी हार घेऊन उभा. तो हार सुटकेनंतर तलाठ्याच्या गळ्यात घालायचा होता.

तलाठी त्या हिरव्या गजांच्या आत भोवऱ्यागत फिरत होता. तोंडाला फेस. शेपटीचं टोक रक्तानं भरलेलं. डॉक्टरांनी भाकरीचा तुकडा पुढं केला आणि त्यानं गजांवर अशी झेप घेतली की त्यांच्या कोटाची बाही टरकन फाटली. सभापती चार पावलं मागं गेले.

“हा असा नव्हता,” डॉक्टर म्हणाल्या. “काय झालंय याला?”

सुंद्राबाई माझ्याजवळ आल्या. हळूच म्हणाल्या, “भाऊसाहेब, किल्ली द्या. गोणी टाकते आत. पाच मिंटांत निवंल त्यो.”

किल्ली माझ्या खिशातच होती. गोदाम होतं स्टेजच्या बरोबर मागं. तिथून ती मळकी, वास मारणारी गोणी काढायची आणि सभापतींच्या देखत, फोटोवाल्याच्या देखत, नव्या रंगाच्या पिंजऱ्यात टाकायची. मी साहेबांकडं पाहिलं. साहेब माझ्याकडं पाहत होते. मला माझं जुनं टेबल दिसलं, खिडकीशेजारचं.

“कार्यक्रम झाल्यावर,” मी म्हणालो.

डॉक्टरांनी ते ऐकलं. त्यांनी विचारलं, “मी थांबू का पाच मिनिटं?” विचारलं मला. उत्तर दिलं साहेबांनी. “डॉक्टर, सभापतींना पुढं लग्नाला जायचंय. काय ते लिहून टाका.”

त्यांनी लिहिलं. ‘हिंस्र. कायम बंदिस्त.’ साहेबांनी तिथंच सही केली. हार वाया जाऊ नये म्हणून मी तो सभापतींना घातला.

सगळे जेवून गेले. सुंद्राबाई माझ्याकडं पाठ करून मंडपातल्या पत्रावळी गोळा करत राहिल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी गोदाम उघडलं, गोणी काढली, सात नंबरात सरकवली. तलाठ्यानं हुंगली आणि तोंड फिरवलं. चार दिवस फिनेलच्या कॅनशेजारी पडून तिचाही वास गेला होता. मला इतकी लाज वाटली, इतकी, की घरी गेल्यावर बायकोनं कार्यक्रम कसा झाला विचारलं तर मी तिच्यावरच खेकसलो.

दुसऱ्या दिवशी बस बदलताना दशरथच्या टपरीसमोर गेलो. त्यानं टपरीखाली नवं पोतं अंथरून ठेवलं होतं. माझ्या मागं बघितलं, कुत्रा दिसतो का.

“फडकं द्या,” मी म्हणालो.

त्यानं काही न विचारता दिलं.

त्यानंतर दोन दिवसांनी डॉक्टर इनामदार लशी टोचायला आल्या. सात नंबरपुढं थबकल्या. तलाठी फडक्यावर हनुवटी टेकून पडला होता. त्यांनी गजातून हात आत घातला. त्यानं हुंगला, चाटला, आणि सवयीनं कान पुढं केला.

“हा पास आहे,” त्या म्हणाल्या.

“मग लिहा ना, मॅडम!”

“कागद गेला, हिंगमिरे. कायम बंदिस्त एकदा लिहिलं की फेरचाचणी नसते. मी लिहिलं ते त्या वेळेला खरं होतं, आणि मी पाच मिनिटं थांबायला हवं होतं.” त्या रागावल्या होत्या, बहुतेक स्वतःवर. “आता हा मेला तरच बाहेर पडेल.”

त्या सहज बोलून गेल्या. पण माझ्या डोक्यात टक्कन वाजलं. अहो, त्या खात्यात माझा अकरा वर्षांचा अनुभव होता!

मी टेबलाशी गेलो. नोंदवही उघडली. मृत्यूचं पान वर्षभर कोरं होतं. तारीख लिहिली: सत्तावीस मार्च. चार दिवस राहिले होते. चार दिवस ते पान कोरं ठेवलं की माझी खिडकी, माझं टेबल, पाच मिनिटांवरचं घर. मुलीसाठी स्थळ. आणि एकतीस तारखेनंतर लिहावं, तर एक तारखेला माझ्या जागी येणारा लिहील की काय? मी पेन खाली ठेवलं, परत उचललं. समोर सुंद्राबाई झाडू घेऊन उभ्या होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं, पण कुठल्या पानावर काय असतं ते ठाऊक होतं.

“कोन मेलं, भाऊसाहेब?”

“तलाठी.”

त्या पिंजऱ्याकडं वळून बघायला लागल्या. तलाठी जांभई देत होता.

“कशानं मेला म्हणू?” मी विचारलं.

सुंद्राबाईंचे डोळे भरले आणि त्याच वेळी तोंडावर पदर गेला. “लई करमणूक झाली त्येची,” त्या म्हणाल्या.

मी लिहिलं: ‘उत्सवाच्या अतिउत्साहाने हृदयक्रिया बंद.’

डॉक्टरांनी दारातून ते पाहिलं. “मी खोटं लिहिणार नाही,” त्या म्हणाल्या. “पण तुम्ही लिहिलेलं तपासणं माझ्या कामात येत नाही.” आणि पुढच्या पिंजऱ्याकडं गेल्या.

दुपारी वही घेऊन साहेबांपुढं उभा राहिलो. साहेबांचा चेहरा पडला.

“चार दिवस थांबता आलं नाही त्याला?”

“मी सांगून पाहिलं, साहेब.”

“पुरस्कार गेला, हिंगमिरे! तुम्ही आता तिथंच सडा. रिटायर होईपर्यंत!”

“हो साहेब. तेवढं नीट पाहून सही करा, साहेब. मागच्या वेळेसारखं व्हायला नको.”

“मी न पाहता सही करत नाही,” साहेब गरजले, आणि न पाहता सही केली.

मेलेलं जनावर गोणीत घालून घंटागाडीनं न्यायचं असा नियम. सुंद्राबाईंनी गोणीचं तोंड उघडं धरलं, आत दशरथचं फडकं टाकलं, आणि तलाठी आपल्या पायांनी आत शिरला. मेलेल्या कुत्र्याचं इतकं सहकार्य मी आयुष्यात पाहिलं नाही. सुंद्राबाई गोणी मांडीवर घेऊन गाडीत पुढंच बसल्या.

ड्रायव्हरनं एकवार गोणीकडं बघितलं. “मावशी, मेलेलं कुत्रं हलतंय.”

“वाऱ्यानं.”

“शेपूट हलतीय, मावशी.”

“मुकाट्यानं गाडी स्टँडवरनं घे,” बाई म्हणाल्या. त्यानं घेतली.

मी तिथंच सडलो. म्हणजे साहेबांच्या हिशोबानं सडलो. आणखी आठ वर्षं त्या केंद्रात काढली आणि तिथूनच निवृत्त झालो, त्यालाही आता सहा वर्षं झाली. मुलीचं लग्न झालं. जावई स्वतः पाहायला आला होता, आणि कुत्र्याच्या गोष्टी ऐकत दोन तास बसला. घंटागाड्यांची फाइल मात्र अजून सापडली नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली. तलाठी वारला त्याच्या पुढच्या वर्षी स्टँडवरच्या नव्या फरशीचं उद्घाटन होतं. सकाळची वेळ. मी नेहमीसारखा बस बदलायला उतरलो होतो. कार्यक्रम आटोपून टेंभेकर साहेब नेमके दशरथच्या टपरीवर चहाला आले. टपरीखालून तलाठी बाहेर आला, अंग ताणलं, आणि साहेबांचे बूट हुंगायला लागला. शेपटी टोकाला मोडलेली, जीपखाली आली होती तिथं. दशरथनं चहा-बिस्किटाची बशी घाईघाईनं साहेबांपुढं सरकवली.

साहेब कुत्र्याकडं बघत राहिले. मग माझ्याकडं.

“हिंगमिरे, हा तो सात नंबर ना? मोडक्या शेपटीचा?”

“तो वारला, साहेब,” मी म्हणालो. “सत्तावीस मार्चला. तुमची सही आहे.”

“माझी?”

“हो साहेब. पाहून केलेली.”

साहेबांनी परत एकदा कुत्र्याकडं पाहिलं. कुत्रं शेपूट हलवत होतं. साहेबांच्या कपाळावर आठ्या आल्या, गेल्या.

“सही आहे म्हणजे वारलाच असणार,” ते शेवटी म्हणाले. “हा दुसरा दिसतोय.” आणि त्यांनी बशीतलं अर्धं बिस्किट त्याच्यापुढं टाकलं.

दशरथनं टेबल पुसलं, फडकं पिळलं आणि रोजच्यासारखं माझ्याकडं दिलं. मी ते पिशवीत कोंबलं. पिशवीत आधीच कडुनिंबाचा पाला होता, मटणवाल्याचा पुठ्ठा होता, कुणाच्या तरी गोठ्यातली मूठभर माती होती. साहेबांनी नाक मुरडलं.

“काय आहे हो त्या पिशवीत?”

“वास आहे, साहेब,” मी म्हणालो. “तुम्हाला नाही यायचा.”

माझी बस लागली होती. तिकडं केंद्रात एकवीस जण वाट पाहत होते.